आठ पौंड हवा

वाळूत मोटारसायकल चालवायला शिकवणारे सगळे एकच गोष्ट सांगतात: वेग सोडू नका. फूटपेगवर उभे राहा, वजन मागे न्या, हँडल आवळून धरू नका, आणि पुढचं चाक वळवळायला लागलं की ॲक्सिलरेटर आणखी पिळा. सल्ला बरोबर आहे. अरुंद चाक वाळूत हळू गेलं तर आत शिरतं, वेगात असलं तर वर उचललं जातं आणि तरून जातं. पण या सल्ल्याच्या पोटात एक अट दडलेली आहे. वाळवंटात यायचं तर घाईत या. वाटेत काही दिसलं तरी थांबू नका, कारण थांबलात की रुतलात, आणि रुतलेली गाडी उपसून काढायला जी ताकद लागते ती प्रत्येकाच्या अंगात नसते. पन्नाशी ओलांडलेली, पाच फूट दोन इंच उंचीची बाई मी. मला वाळवंटात जायचं असतं ते बघायला. बघायचं तर हळू जाता आलं पाहिजे, आणि वाटेल तिथे थांबून पुन्हा निघता आलं पाहिजे.

जाड टायरच्या मोटारसायकलींवर माझा जीव आहे तो एवढ्यासाठी.

माझी गाडी यामाहाची टीडब्ल्यू 200. आपल्याकडे ती विकायला कधी आली नाही, त्यामुळे थोडी ओळख करून द्यायला हवी. 1987 साली ही गाडी बाजारात आली आणि तेव्हापासून तिच्यात फार थोडे बदल झाले. पुढे डिस्क ब्रेक आला, किक गेली, रंग बदलत राहिले. 196 सीसीचं हवेनं थंड होणारं एक सिलिंडर, पाच गिअर, कार्ब्युरेटर, सोळाच्या आसपास हॉर्सपॉवर. जेमतेम सात लिटरची टाकी, पेट्रोलसकट वजन 126 किलो. सीट जमिनीपासून 79 सेंटीमीटर. ऑफ-रोडच्या चांगल्या चांगल्या गाड्यांची सीट नव्वद सेंटीमीटरच्या वर असते. त्यांवर बसलं की माझे नुसते चवडे हवेत हलतात. टीडब्ल्यूवर दोन्ही पाय टेकतात. उताराच्या दगडगोट्यांत पाय टेकणं म्हणजे काय, हे ज्याचे टेकत नाहीत त्यालाच कळतं.

पण गाडीकडे लांबून बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. दिसतात ते फक्त टायर. पुढे 130/80-18, मागे 180/80-14. लहानशा अंगाच्या गाडीला ते इतके मोठे वाटतात की पेट्रोलपंपावर एखादा तरी माणूस जवळ येऊन चाकाला हात लावून बघतो.

आपल्याकडे जाड टायरची हौस पसरली ती 2008 साली यामाहानंच काढलेल्या एफझी 16 मुळे. तिचा मागचा टायर 140/60-17 होता, आणि तोवर सडपातळ चाकं बघण्याची सवय असलेल्या आपल्या रस्त्यांवर तो उठून दिसला. नंतर कंपन्यांमध्ये रुंदीची चढाओढ लागली. पण त्या जाडीचं आणि मी म्हणते त्या जाडीचं नातं लांबचं आहे. टायरवरचे आकडे वाचले की फरक लक्षात येतो. पहिला आकडा मिलिमीटरमध्ये रुंदी, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के उंची, तिसरा रिमचा व्यास इंचांत. एफझीच्या टायरची भिंत रिमपासून रस्त्यापर्यंत 84 मिलिमीटर उंच. टीडब्ल्यूची मागची भिंत 144 मिलिमीटर. रुंदीपेक्षा ही उंची महत्त्वाची आहे, कारण तिच्यात हवेला दबायला जागा मिळते.

वाळूत शिरण्याआधी मी गाडी उभी करते, व्हॉल्व्हची टोपी काढते आणि हवा सोडते. डांबरी रस्त्यावर मागे चौरस इंचाला 24 पौंड असते, ती आठवर आणते. मोठा आवाज नाही, कौशल्य नाही, दोन मिनिटांचं काम. पण त्या दोन मिनिटांत गाडीचा स्वभाव बदलतो, आणि त्यामागचा हिशेब शाळेतल्या मुलालाही जमेल असा आहे. मी आणि गाडी मिळून दोनशे किलोच्या आत-बाहेर. त्यातले 110 किलो मागच्या चाकावर आहेत असं धरू. 24 पौंड हवा म्हणजे चौरस सेंटीमीटरला सुमारे 1.7 किलो दाब; 110 किलो पेलायला टायरला 65 चौरस सेंटीमीटर जमीन लागते. आठ पौंडावर दाब 0.56 किलोवर येतो आणि तेवढ्याच वजनाला 195 चौरस सेंटीमीटर जमीन लागते. टायरच्या भिंतीही थोडं वजन पेलतात म्हणून प्रत्यक्षात आकडा थोडा कमी भरतो, पण जवळपास तिप्पट. वजन तेच, जमीन तिप्पट. म्हणून चाक वर राहतं.

आणि ही तिप्पट जागा बहुतेक लांबीत मिळते, रुंदीत थोडीच. टायर खाली बसतो तेव्हा जमिनीला टेकलेला पट्टा पुढे-मागे लांबतो. वाळूत आडवं रुंद चाक ढकलणं आणि लांबट पट्टा वाळूवर अंथरत जाणं यांत इंजिनाला पडणाऱ्या कष्टाचा मोठा फरक आहे. पक्क्या रस्त्यावर कमी हवेची गाडी जड लागते, हे सायकल चालवणाऱ्या पोरालाही माहीत असतं. वाळूत ते उलटं होतं. तिथे खरे कष्ट चाकासमोरची वाळू रेटत राहण्याचे असतात. चाक कमी रुतलं की रेटायला वाळूच कमी उरते.

मग साध्या गाडीच्या टायरमधून हवा सोडली तर चालणार नाही का? चालतं, थोडंफार. पण भिंत बुटकी असली की पहिल्याच दगडावर रिम खाली आपटते, ट्यूब दोन्हींच्या मध्ये चिमटली जाते आणि तिला सापाच्या दाढांसारखी जोडीनं भोकं पडतात. उंच भिंतीचा टायर दगडावर दबतो, त्याला आपल्या अंगात घेतो आणि पुढे जातो. जाडी ही त्यासाठी आहे. कमी हवेत जगता यावं म्हणून टायर जाड. नुसता जाड टायर तीस पौंडावर फुगवून वाळूत नेला तर तो इतरांसारखाच रुतेल. दुकानात गाडी बघणाऱ्यांना ही गोष्ट कुणी सांगत नाही, आणि मला ती सगळ्यात आधी सांगावीशी वाटते.

मी राहते दक्षिण कॅलिफोर्नियात, डोंगरांच्या आतल्या बाजूला. तिथून पूर्वेला मोहावीचं वाळवंट सुरू होतं. या वाळवंटात मोहावी रोड नावाची एक वाट आहे. कोलोराडो नदीपासून निघून पश्चिमेला साधारण 220 किलोमीटर, बार्स्टो गावाच्या अलीकडच्या कॅम्प केडीपर्यंत. रस्ता म्हणायला रस्ता. खरं तर चाकोरी. कुठे वाळू, कुठे खडी, कुठे ज्वालामुखीच्या काळ्या राखेच्या टेकड्यांच्या पायथ्यानं, कुठे कोरड्या तळ्याच्या पांढऱ्या तळावरून. मुळात ही इथल्या मोहावी या मूळनिवासी लोकांची पायवाट. समुद्रकाठचे शिंपले आणि इतर माल घेऊन ते या वाटेनं ये-जा करत, आणि वाट अशी जाते कारण पाण्याचे झरे असे आहेत: पायूट स्प्रिंग, रॉक स्प्रिंग, मार्ल स्प्रिंग्ज. 1776 मध्ये फ्रान्सिस्को गार्सेस हा स्पॅनिश पाद्री मोहावी वाटाड्यांच्या मागोमाग इथून गेला, 1826 मध्ये जेडेडाया स्मिथ हा फरचा व्यापारी. नंतर लष्कराच्या गाड्या आल्या, टपाल आलं, मग रेल्वे दुसरीकडून गेली आणि वाट पडून राहिली. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात डेनिस केसबियर यांनी ती पुन्हा शोधून, चालून, आखून लोकांपुढे आणली.

या वाटेवरून उंटही गेले आहेत, हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं वाटेना. 1857 मध्ये एडवर्ड बील यांना 35व्या अक्षांशाच्या आसपास गाडीरस्ता आखायचं काम मिळालं, आणि अमेरिकेच्या युद्धखात्यानं भूमध्य समुद्राकडच्या बंदरांतून आणलेले पंचवीस उंट त्यांच्यासोबत दिले. ऑक्टोबरात ते कोलोराडो नदीला पोचले. उंट पाण्यात उतरणार नाहीत अशी धास्ती होती. उंट पोहून पलीकडे गेले आणि मग मोहावीत शिरले. त्या उंटवाल्यांपैकी हाजी अली हा माणूस पुढे अमेरिकेतच राहिला. तिथल्या जिभांना त्याचं नाव पेलेना, त्यांनी त्याचं 'हाय जॉली' केलं. 1902 मध्ये तो वारला. ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइट गावी त्याच्या थडग्यावर दगडांचा छोटा पिरॅमिड आहे आणि माथ्यावर धातूचा उंट. मी तिथे मुद्दाम जाऊन आले.

उंटाला खूर नसतो. दोन बोटं आणि त्यांच्याखाली मऊ गादी. वजन पडलं की पाऊल पसरतं, उचललं की आकसतं. घोडा-खेचरांचे खूर ज्या वाळूत रुतत त्या वाळूवरून तो डोलत जातो. आता 1857 चे उंट आणि 1987 ची मोटारसायकल यांचा काही संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण प्रश्न एकच होता आणि वाट एकच होती. उत्तरही एकच निघालं: वाळूशी भांडू नका, तिच्यावर कमी दाब टाका. हेच उत्तर 1930 च्या आगेमागे राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं लिबियन वाळवंटात फोर्ड मोटारींच्या टायरची हवा उतरवून वापरलं, आणि ज्या वाळूच्या समुद्रात मोटार जाणारच नाही असं सगळे समजत होते तो ओलांडून दाखवला. तिथली वाळू कशी वाहते, टेकड्या कशा बनतात, याचा शास्त्रीय अभ्यासही पुढे त्याच माणसानं केला. हळू जाणाऱ्याला वाळू दिसते, असं मला त्याच्याबद्दल वाचताना फार वाटलं.

मोहावी रोडवरून दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी पंधरा-वीस किलोमीटरनं जाताना मी काय बघते? लॅनफेअर व्हॅलीत जोशुआची झाडं. ही निवडुंगासारखी दिसतात पण निवडुंग नाहीत, युक्काच्या कुळातली आहेत. उत्तरेला सिमा डोमवरचं त्यांचं मोठं वन ऑगस्ट 2020 मध्ये वीज पडून लागलेल्या आगीत जळालं. सुमारे 13 लाख झाडं गेली असा अंदाज आहे. काळे सांगाडे अजून उभे आहेत. मोटारीच्या काचेतून ते एक दृश्य असतं. मोटारसायकलवर, त्या वेगात, प्रत्येक झाड वेगळं येतं आणि वेगळं जातं. वाळवंटी कासवंही इथलीच. उन्हाच्या वेळी ती उभ्या गाडीखाली सावलीला येऊन बसतात, म्हणून निघण्याआधी चाकांखाली वाकून बघायचं, हा इथला नियम आहे आणि तो मला मनापासून आवडतो. ज्या जागी निघण्याआधी वाकून बघावं लागतं तिथे वेगाचं काम काय?

एका ठिकाणी, ओसाड माळावर, झेंड्याच्या काठीजवळ टपालपेटी आहे. आत वही. येणारे-जाणारे नाव लिहितात. मागे कुणी कधी सुरू केलेली बेडकांच्या मूर्तींची रांग आहे आणि लोक तिच्यात भर घालत असतात. वहीची पानं चाळताना लक्षात येतं की इथे येणाऱ्यांत साठी-सत्तरीचे लोक बरेच, आणि मोटारसायकलनं आलेल्यांत टीडब्ल्यूवाले पुष्कळ. मोठ्या घरगाडीच्या मागे ही छोटी गाडी अडकवून आणतात, तळ ठोकला की हिच्यावरून आसपास भटकतात. शिकारी लोक, रानात काम करणारे, गुरांच्या कुंपणाच्या तारा तपासत फिरणारे, पहिल्यांदा मोटारसायकल शिकणाऱ्या मुली. जाहिरातींमधल्या ऑफ-रोडमध्ये नेहमी एक तरणा माणूस हवेत उडत असतो, मागे धूळ. त्या चित्रानं या छंदाचं नुकसान केलं असं माझं स्पष्ट मत आहे. त्या चित्रात आपण नाही असं बघून किती माणसं घरी बसली असतील.

जाड टायरची घराणी बघितली तरी हेच दिसतं. ती शर्यतीतून आली नाहीत. 1950 च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात चार्ली फेन यांनी ट्रेल-ब्रेकर नावाचं यंत्र बनवलं, जे पुढे रोकॉन या नावानं न्यू हॅम्पशायरमध्ये बनू लागलं. दोन्ही चाकांना इंजिनाची ताकद, चाकं ड्रमसारखी पोकळ. त्या पोकळीत पाणी किंवा पेट्रोल भरून नेता येतं, आणि रिकामी ठेवली तर गाडी पाण्यात आडवी टाकून तरंगत पलीकडे नेता येते. पायी चालणाऱ्याच्या वेगानं जाणारं, जंगलात राबणारं यंत्र. मग 1970 मध्ये होंडानं तीन चाकांची यूएस 90 आणली. गोष्ट अशी की हिवाळ्यात अमेरिकेत मोटारसायकली विकत नसत, आणि विक्रेत्यांना त्या महिन्यांत विकायला काहीतरी हवं होतं. ओसामु ताकेउची या अभियंत्याच्या चमूनं बर्फ, वाळू, चिखल यांवर चालेल अशी गाडी शोधताना ॲम्फिकॅट नावाच्या सहाचाकी, पाण्यातही चालणाऱ्या वाहनाचे फुग्यासारखे टायर बघितले आणि तिथून त्यांना वाट सापडली. पुढे त्या तीनचाकी उलटून इतके लोक जखमी झाले की 1988 मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या समझोत्यात त्यांची विक्री थांबली. पण ते टायर मागे राहिले.

दोन चाकांवर ते आधीच आले होते. सुझुकीची वानवान सत्तरच्या दशकात, यामाहाची बीडब्ल्यू 200 1985 मध्ये, होंडाची फॅट कॅट 1986-87 मध्ये. बीडब्ल्यू आणि फॅट कॅट अल्पायुषी ठरल्या, टीडब्ल्यू टिकली. माझ्या समजुतीप्रमाणे कारण साधं आहे. त्या दोघींचे टायर पूर्ण फुगे होते, आणि अमेरिकेत त्या रस्त्यावर नेता येत नव्हत्या. घरापासून रानापर्यंत दुसऱ्या गाडीत घालून न्याव्या लागत. टीडब्ल्यूनं मधला मार्ग धरला. पुढचं चाक अठरा इंची, टायर जाड पण फुगा नव्हे, दिवे, इंडिकेटर, नंबरप्लेट. स्वतःच्या चाकांवर घरून निघा, डांबरावरून जा, हवा सोडा, वाळूत शिरा, परत येताना हवा भरा. सुझुकीनं एकविसाव्या शतकात वानवान पुन्हा आणली तेव्हा टायरची मापं टीडब्ल्यूचीच घेतली, 130/80-18 आणि 180/80-14. जपानमध्ये तर 2000 साली किमुरा ताकुया हा लोकप्रिय नट एका मालिकेत टीडब्ल्यूवर फिरला आणि टोक्योच्या पोरांनी ती गाडी शहरात आणून नटवली. ते मला फारसं कळत नाही, पण त्यामुळे गाडीचं उत्पादन चालू राहायला मदत झाली असेल तर त्या पोरांचे आभार.

मोहावी रोड ज्यातून जातो त्या मोहावी नॅशनल प्रिझर्व या राखीव प्रदेशात नंबरप्लेट असलेल्याच गाड्या चालतात आणि त्याही आखलेल्या वाटांवरच. केल्सोच्या वाळूच्या टेकड्या, ज्यांच्यावरून वाळू घसरली की गुरगुरल्यासारखा आवाज येतो, तिथे गाडी नेता येत नाही, पायी चढायचं. हे नियम मला जाचक वाटत नाहीत. जाड टायर वाळूवर कमी दाब टाकतो म्हणून तो कुठेही निरुपद्रवी आहे असा एक सोयीचा समज आमच्या लोकांत आहे, आणि तो खोडून काढलाच पाहिजे. युटा राज्यात, मोआब गावाच्या आसपास, मातीवर एक काळसर, फुगीर साय असते; शेवाळ, दगडफूल आणि सूक्ष्म जिवाणूंनी धरलेली. वाऱ्यापासून माती धरून ठेवते ती. एका चाकानं, एका बुटानंही ती मोडते आणि भरून यायला कित्येक दशकं लागतात. तिथे तुमच्या टायरमध्ये आठ पौंड आहे की तीस, याला काही अर्थ नाही.

तेच कोकणाचं. गाडीचे फोटो बघून पुण्याचा एक मित्र म्हणाला, ही दापोलीच्या किनाऱ्यावर काय मजा देईल! मी त्याला सांगितलं, नको. वेळास, आंजर्ले, अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, गावकरी रात्री जागून घरटी राखतात, आणि पिल्लाला समुद्राकडे जाताना चाकोरी आडवी आली तर ते तिच्यात अडकून पडतं. वर वाळूत घरटं आहे की नाही हे चालवणाऱ्याला कळतही नाही. शिवाय आपल्या किनाऱ्यांवर वाहन नेण्याला मनाई आहे ती आहेच. किनारा आपल्या पायांनी चालण्यासारखा आहे, तिथे कशाला चाक हवं?

गाडीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. हमरस्त्यावर ताशी नव्वदनंतर इंजिन धाप टाकतं आणि टायर घुमतात. काँक्रीटच्या रस्त्यावरच्या उभ्या खाचांत पुढचं चाक आपलं आपणच डावं-उजवं करतं. पहिल्या वेळी छाती धडधडते, मग कळतं की हँडल सैल सोडलं की ते आपोआप सरळ राहतं. वळणावर गाडी लगेच झुकत नाही, तिला सांगावं लागतं. वाटेत जिथे मोठ्या गाड्यांनी लागोपाठ उंचवटे करून ठेवलेत तिथे जरा वेग वाढवला की जाड टायर स्वतःच चेंडूसारखे उड्या मारू लागतात, कारण टायर ही बिनलगामाची स्प्रिंग आहे. शॉकॲब्सॉर्बरमध्ये तेल असतं तसं तिला आवरणारं काही नाही. कमी हवेत आणखी एक काळजी: टायर रिमवर हळूहळू सरकतो आणि ट्यूबला सोबत ओढतो. म्हणून व्हॉल्व्हची चकती रिमला आवळून बसवायची नाही, सैल ठेवायची. व्हॉल्व्ह कलला दिसला की समजायचं, टायर सरकला. हवा सोडून सरळ करायचा, नाहीतर देठापासून तुटतो, आणि तुटला की ठिगळ लागत नाही.

आणि चिखल. बघणाऱ्यांना हमखास वाटतं, एवढे टायर म्हणजे चिखलात राज्य करत असतील. नाही करत. चिकट चिखलात अरुंद, खोल दात्यांचं चाक खाली शिरून टणक जमीन शोधतं. जाड चाक वरच राहतं आणि वरच घसरतं. वाळूतला गुण चिखलात दोष होतो. मोहावी रोडवर सोडा लेक नावाचं कोरडं तळं लागतं. उन्हाळ्यात त्याच्यावरून जाताना खारी पापडी कुरकुरते. पाऊस झाला की तिथला खारा चिखल मोठमोठे ट्रक धरून ठेवतो. मीही पाऊस पडून गेल्यावर तिकडे जात नाही, लांबचा रस्ता घेते.

माझं माहेर सांगोला तालुक्यातलं, माण नदीकाठचं. लहानपणी नदी म्हणजे बहुतेक वर्षभर वाळू. दूधवाला राजदूतवर दोन्ही बाजूंना कॅन बांधून पात्र ओलांडायचा. पाय दोन्हीकडे पसरलेले, इंजिन किंचाळतंय, मागचं चाक वाळू उडवतंय, मधेच रुतला की आम्ही पोरं धावत जाऊन ढकलायचो. बायका डोक्यावर भारा घेऊन त्याच वाळूतून सहज चालत जायच्या. अरुंद चाकाला वाळू का धरते हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता, पण त्या माणसाच्या चेहऱ्यावरचे कष्ट मला अजून दिसतात. त्याच्याकडे अशी एखादी गाडी असायला हवी होती, असं मोहावीत पहिल्यांदा हवा सोडून वाळूत शिरले तेव्हा मनात आलं.

हे मी चुलतभावाला फोनवर सांगितलं. तो गावीच असतो, डाळिंब करतो. त्यानं शेतकऱ्याचा पहिला प्रश्न विचारला.

"अक्का, पावसात आपल्या काळ्या रानात चालंल का ती?"

"नाही चालायची. मडगार्डात माती भरून चाक बसंल. त्यापरीस तुझी जुनी एम 80 बरी."

"मग नदीत?"

"नदीत चालंल."

"नदीत आता वाळू ऱ्हायलीय कुठं," तो म्हणाला. उपसा झाला, खाली मुरूम उघडा पडला, आणि काठानं वेडी बाभूळ माजली. तिचे बोटभर काटे ट्रॅक्टरच्या टायरलाही सोडत नाहीत.

वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातली, इकडून तिकडे गेलेली; मोहावीतल्या ओढ्यांकाठी तिची सख्खी बहीण मेस्कीट वाढते आणि तिलाही काटे आहेत. उलट आपल्या माळावरचा सराटा इथे येऊन रुजलाय. टीडब्ल्यूच्या दोन्ही चाकांत ट्यूब आहेत, त्यामुळे पंक्चर हा माझ्याही घरचा विषय. मी त्याला सगळं सांगितलं: ट्यूबमध्ये चिकट सीलंट आधीच भरून ठेवते, सराट्याचं भोक त्यानं बुजतं, मेस्कीटचा काटा मात्र बुजत नाही, मग टायर उचकटायच्या लिव्हर बाहेर काढायच्या, टायरची कड पायानं दाबून रिमवरून सोडवायची. उंच भिंतीच्या टायरची कड सुटायला वेळ लागतो, पण सुटते.

तो मधे काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "त्या चिकाचं नाव पाठव. माझ्या फवारणीच्या गाडीला घालून बघतो."